कुलूपबंद कपाटातले स्वच्छ पाणी

सकाळचा उजेड आमच्या कार्यालयात एकदम येत नाही. आधी तो दारावरच्या काचेशी थबकतो, आत कोणी महत्त्वाचे बसले आहे का याचा अंदाज घेतो, आणि तसे कोणी नाही अशी खात्री पटली की हळूच फायलींच्या ढिगावर उतरतो. तिथून खुर्चीच्या पाठीवर, पाठीवरून फरशीवर. ज्या फरशीचा कोपरा फुटला आहे तिच्यावर तो थोडा वेळ बसून राहतो. धुळीचे कण त्यात वर जातात, खाली येतात आणि कोणताही ठराव संमत न करता पुन्हा वर जातात. मी हे रोज पाहतो. ज्याला माणसांशी बोलणे जड जाते त्याला उजेड जवळचा वाटतो, कारण तो उपप्रश्न विचारत नाही.

स्वतःचा परिचय देणे मला संकोचाचे वाटते. पण दुसरे कोणी देत नसल्यामुळे तो मलाच द्यावा लागतो. पगारपत्रकावर मी आमदार ताईंचा लेखनिक आहे. वृत्तीने, बुद्धीने आणि नियतीने मात्र गुप्तहेर. आजवर मी सात प्रकरणे हाताळली. त्यांतली पाच अनिर्णित राहिली, आणि उरलेली दोन मुळात घडलीच नव्हती हे मी निर्विवाद सिद्ध केले. भिडस्तपणामुळे मला कोणाच्या डोळ्यांत पाहता येत नाही, म्हणून मी संशयितांच्या पादत्राणांचा अभ्यास करतो. डोळे खोटे बोलतात. टाचा फक्त झिजतात.

त्या दिवशी अकरा वाजता, प्रश्नोत्तराच्या तासात, ताई गिरणीमागच्या गल्लीतल्या नळांचा प्रश्न उपस्थित करणार होत्या. गल्लीत महिन्याभरात त्रेचाळीस माणसे काविळीने अंथरुणाला खिळली होती. पाणीपुरवठामंत्र्यांचे छापील उत्तर आदल्या दिवशीच येऊन पडले होते. ‘पाणी दूषित आहे, हे खरे आहे काय?’ ‘नाही.’ ‘असल्यास, जलवाहिनी केव्हा बदलणार?’ ‘प्रश्न उद्भवत नाही.’ इतक्या थोड्या शब्दांत त्रेचाळीस माणसांना बरे करणारा दुसरा वैद्य माझ्या पाहण्यात नाही.

म्हणून ताईंनी अध्यक्षांकडून नळाच्या पाण्याची एक बाटली सभागृहात दाखवण्याची परवानगी मिळवली होती. नमुना मी आणला. “कुठून आणलास?” असे त्यांनी विचारले, तेव्हा “गुप्त सूत्रांकडून” एवढेच सांगून मी त्यांच्या चपलांकडे पाहिले. वस्तुतः तो मी माझ्या घरच्या नळावर भरला होता. मी त्याच गल्लीत राहतो. टेकडीवरच्या नव्या वसाहतीत राहतो अशी कार्यालयाची समजूत आहे, आणि ती मीच परिश्रमपूर्वक करून दिली आहे.

पाणी चहासारखे गढूळ होते. बाटलीच्या खालच्या अर्ध्या भागाभोवती ‘नमुना क्रमांक एक’ अशी रुंद पट्टी चिकटवून मी ती पोलादी कपाटात ठेवली, कुलूप लावले आणि किल्ली गळ्यात घालून घरी गेलो. आई झोपून होती. गेले तीन आठवडे ती झोपूनच असते, अन्नावर वासना नाही. तिला थकवा आला आहे. या बाबतीत माझा तपास पूर्ण झालेला आहे.

सकाळी पावणेदहाला ताईंसमोर मी कपाट उघडले. पट्टीच्या वर पाणी आरशासारखे निर्मळ होते.

“हे काय?” ताई म्हणाल्या.

“चोरी, ताई.”

“काय चोरीला गेलंय?”

“घाण.”

ताईंनी बाटलीकडे पाहिले, मग माझ्याकडे. “किल्ली कोणाकडे होती?”

“माझ्याकडे.”

“मग चोर कोण?”

“तपास नाजूक टप्प्यावर आहे.”

“अरे, अकराला मला उभं राहायचंय. मंत्री हे घटाघटा पिऊन दाखवतील आणि वर माझे आभार मानतील. काय सांगू मी त्या गल्लीतल्या लोकांना?”

माझा पहिला संशय मंत्र्यांच्या स्वीय सहायकावर होता. आदल्या संध्याकाळी तो स्टेपलर मागायला आला होता आणि त्याच्या बुटाचा तळ ओलसर होता. बनावट किल्लीने कपाट उघडून त्याने पाणी बदलले असणार. जगाच्या इतिहासात चोराने माल सुधारून जागेवर ठेवल्याचे हे पहिलेच उदाहरण होते.

“नऊ वर्षं खात्याला जमलं नाही ते यानं एका रात्रीत केलं?” ताई म्हणाल्या. “मग त्यालाच मंत्री करा.”

दुसरा सिद्धांत रासायनिक होता. कुलपाच्या भोकातून कोणी शुद्धीकरणाची गोळी आत सोडली असेल काय? प्रयोगादाखल मी माझी डोकेदुखीची गोळी भोकात ढकलली. ती निम्मी गेली आणि तिथेच बसली. आता कपाटाला कुलूप लागत नाही. मात्र त्याचे डोके दुखत असल्याची तक्रारही नाही.

तिसऱ्या सिद्धांताकडे मी जड अंतःकरणाने वळलो.

“माझ्या चपलांकडे काय बघतोस?” ताई म्हणाल्या.

“काही नाही. सर्व शक्यता तपासाव्या लागतात.”

“मी? माझाच प्रश्न मीच बुडवीन?”

“तसे करणारे सदस्य आहेत, ताई.”

ताईंनी घड्याळाकडे पाहिले, कारण विधान बिनतोड होते.

तेवढ्यात सफाईच्या मावशी बादली घेऊन आत आल्या. त्याही गिरणीमागच्या गल्लीतल्या, आमच्यापासून चार घरे पलीकडच्या. पण माझी टेकडी त्यांनी कधी उघडी पाडली नव्हती. ताईंचा चेहरा पाहून त्यांनी विचारले, ताईंनी सांगितले. मावशींनी बाटली उचलली आणि सरळ उलटी केली. पट्टीमागून एक तपकिरी ढग सुटला आणि बाटलीभर पसरला.

“गाळ बसला होता,” मावशी म्हणाल्या. “रात्रभर ठेवलं की बसतोच. आम्ही रोज वरचं पितो, खालचं मोरीत ओततो.”

“पण कपाट बंद होतं,” मी म्हणालो.

“मग? गाळाला खाली बसायला किल्ली लागते का?”

ताई बाटली घेऊन जिन्याकडे धावल्या. मावशींनी पोछा पिळला.

“आई कशी आहे रे?”

“थकवा आहे.”

“डोळे बघितलेस तिचे?”

मी मावशींच्या चपलांकडे पाहिले. एका चपलेचा अंगठा तारेने बांधलेला होता. त्यावरून कोणताही निष्कर्ष निघाला नाही.

ताईंचा प्रश्न पुकारला गेला तेव्हा मी सभागृहाच्या सज्जात बसलो होतो. तासभर मेजावर स्थिर राहून पाणी पुन्हा बरेच निवळले होते. मंत्री प्रसन्न हसले. ताईंनी बाटली उचलून खळखळ हलवली.

“माननीय सदस्यांनी हलवेपर्यंत पाणी स्वच्छ होतं, हे सभागृहानं पाहिलं,” मंत्री म्हणाले. “म्हणजे गढूळपणा हलवण्यामुळे आला. नागरिकांनी पाणी हलवू नये, असं पत्रक खातं आजच काढेल.”

बाके वाजली.

“हलवू नका,” ताई म्हणाल्या. “पुन्हा निवळू द्या, आणि मंत्र्यांनी फक्त वरचं प्यावं. ती त्रेचाळीस माणसं वरचंच प्यायली होती.”

बाके थांबली. मंत्र्यांनी समोरचा स्वतःचा पेला किंचित दूर सरकवला.

“ही बाटली कोणत्या नळाची?” ते म्हणाले. “नाव नाही, पत्ता नाही. घर दाखवा, आज दुपारी वाहिनी उकरायला माणसं पाठवतो. घरच नसेल, तर प्रश्न उद्भवत नाही.”

शिपायाने सज्जात माझ्या हाती चिठ्ठी दिली. ताईंचे अक्षर होते: ‘कोणाचं घर? लगेच.’

खाली तीनशे माणसे बसली होती आणि त्यांतल्या एकाचीही पादत्राणे मला तिथून दिसत नव्हती. ताई वर पाहत होत्या. मी प्रथमच त्यांच्या डोळ्यांत पाहिले, आणि मग कागदावर माझे नाव लिहिले, घर क्रमांक लिहिला, गिरणीमागची गल्ली असे लिहिले. शिपाई हात पुढे करून उभा होता. कागदावर जागा उरली होती. तिथे, कोणी विचारलेले नसताना, मी लिहिले की आईला कावीळ झाली आहे, आणि तिच्या उशाशी ते पाणी रोज मीच भरून ठेवतो.