दशरथरावांचे पालक

दहावीत असतानाच आपल्या निकिताला कॉलेजचे चार क्रेडिट मिळणार, ही बातमी दशरथराव सोनकांबळ्यांनी आपल्या सरकारी कचेरीत टेबलाटेबलावर जाऊन सांगितली. वाघोलीच्या एका कॉलेजात दर रविवारी प्रोग्रॅमिंगचा वर्ग भरे. तो आत्ताच पूर्ण केला, की पुढे पदवीला तो विषय पुन्हा घ्यायला नको.

पण कसबा पेठेतून इतक्या लांब मुलीला एकटीला पाठवणं त्यांच्या जिवावर आलं. पहिल्या रविवारी ते सोबत निघाले. फाटकावर हिंदुराव वॉचमनने अडवलं.

"पालकांनी आत नाय जायचं. फकस्त विद्यार्थी."

"मग मी बसू कुठं?"

"घरी."

दशरथरावांना हे झोंबलं. त्यांनी चौकशी केली, तर दहावी शिकत असलेल्या किंवा शिकून झालेल्या कोणालाही प्रवेश होता. ते तर बी.कॉम. होते. पुढच्या रविवारी गळ्यात ओळखपत्र अडकवून ते हिंदुरावांसमोरून मुद्दाम सावकाश आत गेले.

"शेवटच्या बाकावर बसा आणि ओळख दाखवू नका," निकिताने बजावलं.

शेवटच्या बाकावर विषय राहिलेली कॉलेजची चार पोरं होती. दशरथराव त्यांच्यात बसले आणि तासाभरात उभे राहिले.

"मॅडम, हा लूप थांबतो कधी?"

"अट पूर्ण झाली की," सुरुची मॅडम म्हणाल्या.

"आणि नाहीच झाली तर?"

"फिरतच राहतो."

"म्हणजे आमच्याकडची फाईल!"

वर्ग खदखदून हसला. निकिताने वहीत डोकं खुपसलं. महिन्याभरात काका त्या चौघांबरोबर कँटीनला जाऊ लागले. घरी बायकोने दळण सांगितलं, तर म्हणाले, "सबमिशन आहे यार!"

मग एका रविवारी निकिताच्या शाळेने जादा तास ठेवला. तापामुळे तिचे दोन वर्ग आधीच बुडाले होते. तिसरा बुडाला की क्रेडिट गेले. तिने रजेचा अर्ज बाबांच्या खिशात घातला.

"अर्ज कशाला, काका?" पोरं म्हणाली. "प्रॉक्सी मारा."

हजेरी सुरू झाली. "निकिता सोनकांबळे?"

"येस मॅडम," मागून बारीक आवाज आला.

"दशरथ सोनकांबळे?"

"येस मॅडम." आवाज बदलायचं दशरथराव विसरले.

तिशीतल्या सुरुची मॅडमनी चष्मा काढला. "शनिवारी पालकांना घेऊन या. नाहीतर दोघांचेही क्रेडिट रद्द."

"मॅडम, मी एक्कावन्न वर्षांचा आहे."

"मग घरातलं जे कोणी जबाबदार असेल, त्यांना आणा."

दशरथरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. बायकोला सांगायची छाती नव्हती. शनिवारी शाळा सुटताच निकिता गणवेशात, दोन वेण्या घालून मॅडमसमोर बसली. दशरथराव दारापाशी खाली मान घालून उभे होते.

"घरीसुद्धा असेच वागतात का हे?" मॅडमनी शक्य तितक्या गंभीरपणे विचारलं.

"घरी गुणी आहेत हो," निकिता सुस्कारा सोडून म्हणाली. "इथे संगत वाईट लागली."

अखेर खिशात चुरगळलेला अर्ज मॅडमनी मागून घेतला, म्हणून क्रेडिट वाचले. दशरथरावांच्या हमीपत्रावर पालक म्हणून निकिताने सही केली.

बाहेर आल्यावर कँटीनमधून हाक आली, "काका, चहा!"

दशरथरावांनी हळूच मुलीकडे पाहिलं.

"पाच मिनिटं," निकिता म्हणाली. "मी इथेच उभी आहे."