मास्तरांच्या गाडीचं डावं दार

खंडेनवमीच्या सकाळी कस्तुरीने ठरवलं, की दार दुरुस्त झाल्याशिवाय त्या गाडीत पाऊल टाकायचं नाही. लेक सात महिन्यांची, देवीचं पहिलं दर्शन. वाटेत काही झालं तर? (कस्तुरीच्या 'तर'ला शेवट नसायचा. मुलगी शिंकली तरी तिला हुबळीचं मोठं इस्पितळ दिसायचं.)

गाडी सासऱ्यांची, चनबसप्पा मास्तरांची. पुढचं डावं दार पंचवीस वर्षं आतून उघडत नव्हतं. मास्तर गाडी थांबवायचे, वळसा घालून यायचे आणि सासूबाईंसाठी, निंगव्वांसाठी, दार उघडायचे. गदगच्या त्या गल्लीत तेव्हा नवरे बायकांच्या चार पावलं पुढे चालायचे. बायका उंबऱ्यातून हे बघत आणि आपापल्या नवऱ्यांना ऐकवत, "मास्तरांकडे बघा जरा." मास्तर जाऊन तीन वर्षं झाली, तरी टोमणा जिवंत होता.

"पूजेआधी उरका," कस्तुरी नवऱ्याला म्हणाली. "एकदा हत्यारांना कुंकू लागलं की उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

वीरभद्र वीज कचेरीत कारकून. (घरातला बल्ब तो शेजाऱ्यांना विचारून बदलायचा.) तरी तासाभरात त्याने दाराचं आतलं पान उतरवलं.

"अगं, हे बघ. आतल्या कडीची सळई तुटलेलीच नाही. कुणीतरी सोडवून तारेनं बाजूला बांधलीय."

तार जुनी, पण पीळ वेणीसारखा नीट. कस्तुरी बघतच राहिली. म्हणजे मामंजींनी मुद्दाम केलं. घरात वडीलधारी माणसं, त्यांच्यासमोर बायकोचे लाड करायची चोरी, म्हणून बिचाऱ्यांनी दारच बिघडवलं. तिचे डोळे भरून आले.

"राहू द्या तशीच."

"आं? आणि काही झालं तर?"

"तुम्ही उघडा ना माझ्यासाठी. मामंजींसारखं."

तोवर आतून निंगव्वांची हाक आली, "हत्यारं आणा रे." वीरभद्रने घाईघाईने दार मिटवलं, उरलेले दोन स्क्रू खिशात लपवले आणि हाताला लागेल ते पाटावर नेऊन ठेवलं. सगळ्याला कुंकू लागलं, चाकांखाली लिंबं चिरडली, मंडळी निघाली.

देवळापाशी निंगव्वा नातीला घेऊन मागच्या दाराने उतरल्या आणि रांगेकडे चालू लागल्या. वीरभद्रही उतरला. कस्तुरीने इरकलीचा पदर सावरला, मान जरा तिरकी केली आणि हसू तयार ठेवलं.

वीरभद्र किल्ली बोटावर फिरवत सरळ मिरचीभज्यांच्या गाड्याकडे गेला.

तिने काचेवर थापा मारल्या. देवळातल्या नगाऱ्यापुढे त्या कुणाला ऐकू येणार? काच खाली करायला गेली, तर फिरवायची मूठच नाही. ती घरी पाटावर, पकडीशेजारी कुंकू लावून बसली होती. आणि लेकीचं लाल टोपडं गर्दीत दिसेनासं झालं.

आता मात्र कस्तुरीला दम निघेना. ती गिअर ओलांडून पलीकडच्या दाराकडे निघाली. पदर गिअरमध्ये अडकला, कोपर हॉर्नवर बसलं आणि हॉर्न असा बोंबलला की सगळी रांग वळली. वीरभद्रही भजं चावत आला.

"तू आत काय करतेयस?"

"तुमची वाट बघतेय."

ती त्याच्या दाराने उतरून धावत सुटली. निंगव्वा रांगेच्या बाजूला उभ्या, खांद्यावर लेक गाढ झोपलेली.

"आईशिवाय कशी नेईन दर्शनाला? हॉर्न ऐकला, म्हटलं आली सून."

"अत्ती, मामंजी नसतील असे विसरले," कस्तुरीला रडू फुटलं. "त्यांनी तर तुमच्यासाठी मुद्दाम तार बांधली."

"त्यांनी?" निंगव्वा हसल्या. "तार माझी. लग्नाला सात वर्षं झाली होती. उतरले की चालू लागायचे, मी आले की नाही, वळून बघणं नाही. म्हटलं, आता बघाल." मग त्या जरा थांबल्या. "पुढं मात्र वळसा चुकला नाही हो. शेवटी शेवटी तर काठी टेकत यायचे."

दर्शन झालं. घरापाशी गाडी थांबली. वीरभद्र उतरला, अंगणात गेला, चप्पल काढून आत दिसेनासा झाला. निंगव्वा नातीला घेऊन खिडकीपाशी आल्या.

"अत्ती, उघडा ना."

"मी नाही. त्याची सवय बिघडेल. धीर धर, तुझ्या सासऱ्यांना चार वर्षं लागली."

कस्तुरीने निमूटपणे हॉर्नवर हात ठेवला.