सहा मिनिटांवरची खुर्ची

फ्राउकेचा फोन आला तो बुधवार तसा साधाच होता. मी ब्रेडवर चॉकलेटचा चुरा भुरभुरत होतो. (माझं वय चोपन्न, पण आमच्याकडे हा नाश्ता पेन्शनीतही चालतो.) फ्राउके म्हणजे माझी मेहुणी.

"विबे, फ्लॅट मिळाला मला! तळमजला, पुलापलीकडेच. आता रिन्स्केची खुर्ची आण."

रिन्स्के माझी बायको. तिला जाऊन चौदा महिने झाले. जाण्याआधी तिनं ती हिरवी खुर्ची बहिणीला देऊन टाकली होती, माझ्यासमोरच. मीही मान हलवली होती. फ्राउकेकडे जागा नाही, एवढ्या एका आधारावर खुर्ची अजून माझ्या खिडकीशी होती.

"टेम्पो पाठवू?" फ्राउकेनं विचारलं.

टेम्पो म्हणजे दहा मिनिटांत सगळं संपलं. मी घाईनं म्हणालो, "छे, टेम्पो कशाला! गल्लीची सायकल आहे की. मीच आणतो."

गल्लीची सायकल म्हणजे पुढे भलीमोठी लाकडी पेटी असलेली, विजेवर चालणारी मालवाहू सायकल. सात घरांनी मिळून घेतलेली. नियम एकच: ज्यानं वापरली, त्यानं बॅटरी घरी नेऊन चार्ज करायची.

खुर्ची तिसऱ्या मजल्यावरून दोर लावून खिडकीतून उतरवली. (दोर मी धरला होता, असं मी सांगत असतो. धरला होता शेजारच्या ऑस्टरहॉफबाईंनी. मी खालून "सावकाश" म्हणत होतो.)

"अहो, मोटरचा जोर किती ठेवलाय?" बाईंनी विचारलं.

"सगळ्यात वरचा."

"कमी करा. नाहीतर सायकलच तुम्हाला नेईल."

तसंच झालं. पहिल्या पायडलला सायकल निघाली, आणि बाईंच्या फुलांच्या कुंडीपाशी मी तिला गाठलं.

फ्राउकेचं घर सहा मिनिटांवर. पण पेटीत खुर्ची मी पुढे तोंड करून ठेवली होती. तिची पाठ माझ्याकडे, डोकं टेकून टेकून वरचं कापड फिकट झालेलं. मोटरची बारीक गुणगुण, पायांना कष्ट नाहीत, नदीवर ऊन. मला वाटलं, आधी मासळीवाल्यावरून जाऊ. मग तिच्या शाळेवरून. (ती भूगोल शिकवायची आणि आमच्या गावात, हार्लेममध्येच रस्ता चुकायची.) मग पवनचक्कीवरून. एका सिग्नलला मी विचारलंसुद्धा, "गार नाही ना लागत?"

"नाही नाही, ठीक आहे," शेजारचा सायकलवाला म्हणाला.

तिसऱ्या फेरीत, पुलाच्या पायथ्याशी, बॅटरी संपली. आमचा देश सपाट. चढ म्हणायचे ते पूलच. पलीकडे फ्राउकेची खिडकी दिसत होती. तिनं कॉफी मांडली असणार, कपाबरोबर एकच बिस्कीट. भार हलका करावा म्हणून मी खुर्ची फुटपाथवर उतरवली आणि दम घ्यायला तिच्यातच जरा टेकलो. तेवढ्यात होडीला वाट द्यायला पूल मधून उघडून वर गेला, खालून एक शिडाची होडी निघाली. तिला घाई नव्हती. मलाही.

जाग आली तेव्हा मी हवेत होतो.

"लेव्हिन, थांब! यात कुणीतरी आहे!"

"तरी म्हटलं, एवढी जड कशी!"

एक तरुण जोडपं होतं. तो महिन्याचा पहिला बुधवार. नको असलेलं सामान फुटपाथवर काढून ठेवायचा दिवस. ज्याला जे हवं, ते त्यानं उचलावं. माझ्या डावीकडे मोडका दिवा, उजवीकडे गादी, मधे मी.

"काका, तुम्हालाही टाकलंय का?" मुलीनं विचारलं.

"मी नुसता टेकलो होतो. खुर्ची बायकोची आहे."

"मग त्यांना नकोय का?"

मी होडीकडे बघितलं. ती बरीच लांब गेली होती. "तिनं बहिणीला दिलीय."

मुलगी लेव्हिनकडे वळली. म्हणाली, "लेव्हिन, खुर्ची पेटीत ठेव आणि सायकल धर. काका, कुठे पोचवायची ते सांगा."

मी सांगितलं. गल्ली, घर, मजला. दोघांनी सायकल ढकलत आणली, तीन जिने चढून खुर्ची खिडकीशी ठेवली, बॅटरीही वर आणून दिली.

"मेहुणीबाई नाहीत वाटतं?" लेव्हिननं धापा टाकत विचारलं.

"बाहेर गेलीय," मी म्हणालो.

ती दोघं गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की पत्ता मी माझाच दिला होता. (असं मी सांगत असतो.)

"विबे, कॉफी गार झाली! आहेस कुठे?" फ्राउकेचा फोन.

"बॅटरी संपली गं. चार्ज करावी लागेल."

"किती वेळ?"

"चार तास."

याला आता नऊ दिवस झाले. फ्राउके रोज विचारते, मी रोज म्हणतो, होतेय चार्ज. काल म्हणाली, "खुर्चीत बसून बोलतोयस ना? करकर ऐकू येतेय." आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवला.

आज सकाळी गल्लीच्या फळ्यावर चिठ्ठी दिसली: 'बॅटरी कुणाकडे आहे?' लोक किती बेजबाबदार असतात, यावर मी ऑस्टरहॉफबाईंशी तिथेच उभ्याउभ्या पाच मिनिटं बोललो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"सावकाश," त्या म्हणाल्या.

बॅटरी माझ्या ओट्यावर, ब्रेडच्या डब्याशेजारी आहे. चार्जर लावायचा राहिलाय.