शून्य गुणांचा ड्रायव्हर

तात्या ड्रायव्हर पायी चालतानाही वळण्याआधी हात दाखवत. उजवीकडे वळायचं असेल तर उजवा हात खांद्याइतका सरळ बाहेर, आणि डावीकडे वळायचं असेल तर त्याच हाताने हवेत गोल. साताऱ्यात आमच्या पेठेत नवखा माणूस आला की त्याला वाटे, म्हातारा आपल्यालाच बोलावतोय. दोघे-तिघे तर त्यांच्या मागोमाग थेट दारापर्यंत गेले होते. तात्या त्यांना पाणी पाजून परत पाठवत.

एस.टी.त हयात गेलेली, त्यामुळे घरातही एस.टी.च चालू असे. जेवण झालं तरी ते पाटावरून उठत नसत. त्यांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, तांब्यावर पळी कंडक्टरच्या घंटीसारखी दोनदा वाजवली, की "चला, डबल मिळाली" म्हणून उठत. काकू गेल्यावर ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. आपणच वाजवायचं, आपणच म्हणायचं आणि आपणच उठायचं. कुणाला नोकरी लागली, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, की त्यांचा एकच प्रश्न असे, "मिळाली का साइड?" मी बी.ए. झालो तेव्हा पेढे घेऊन गेलो. पाय धरायला वाकलो तर धरू दिले नाहीत. म्हणाले, "आरं, घाट चढलास. आता गेर बदल."

पाय धरायला मला कारण होतं. माझं गाव कोयनेच्या रस्त्याला, कॉलेज साताऱ्यात. आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारा मीच पहिला. खानावळ परवडण्यातली नव्हती. आई रोज पहाटे भाकऱ्या थापायची, डबा फडक्यात बांधायची आणि फाट्यावर येऊन तात्यांच्या एस.टी.च्या खिडकीतून आत द्यायची. आसपासच्या सगळ्या गावांतल्या आया असंच करत. तात्यांच्या सीटमागे डब्यांची उतरंड लागलेली असे. साताऱ्याच्या स्टँडवर आम्ही पोरं वाट बघत उभे असू. तात्या खाली उतरून एकेक डबा हातात देत आणि वर निरोपही सांगत. "तुझी आय म्हनली, कोरड्यास तिखट झालंय, पानी जवळ घिऊन बस." भाकरी आईची होती, पण ती पोचवणारे तात्या होते. हे मी विसरलो तर माझी पदवी फुकट गेली म्हणायची.

अशाच एका डब्यापायी तात्यांच्या हातून गाडी कायमची सुटली. घाटात धुकं होतं. फाट्यावर बैलगाडी उभी होती. एका बाईला वाटलं, एस.टी. न थांबता निघून जाणार आणि पोरगं उपाशी राहणार. ती डबा घेऊन बैलगाडीच्या मागून धावत रस्त्यात आली. डबा माझा नव्हता आणि ती माझी आई नव्हती. फरक एवढाच.

कोर्टाने तात्यांना निर्दोष सोडलं. खात्यानेही दोष दिला नाही. पण तात्यांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. साहेबांना म्हणाले, "मला गाड्या धुवायला घाला." पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांनी डेपोत दुसऱ्यांच्या गाड्या धुतल्या. गाव मात्र कोर्टाचं ऐकत नाही. पेठेत त्यांची ओळख 'माणूस मारलेला ड्रायव्हर' अशीच राहिली. साधी सायकल लावून ठेवायची असली तरी लोक म्हणत, तात्याच्या वाटेत नको. असं म्हणून हसत.

नंतर पेठेत एक यंत्र आलं. पाचगणीच्या एका लॉजमालकाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी ते परदेशातून आणवलं होतं. तिथे शाळांमधून आरडाओरडा झाला तेव्हा त्याने ते आमच्या शंकर हॉटेलवाल्याच्या गळ्यात मारलं. वर नको असलेली वस्तू खाली साताऱ्याला उतरवतात, हा रिवाज जुना आहे. माणसाइतकं उंच लाकडी कपाट, त्यात टी.व्ही.सारखी काच, खाली मोटारीचं चाक आणि पायाशी एक्सिलेटर. काचेवर एक पांढरी मोटार पळे आणि तिच्यापुढे काड्यांच्या हातापायांची माणसं सैरावैरा धावत. मोटारीने माणूस उडवला की यंत्र किंकाळी फोडी, माणसाच्या जागी एक फुली उभी राही आणि खेळणाऱ्याला एक गुण मिळे. शंकरने वर 'मोटार चालवा' अशी पाटी लावली होती. लोक त्याला 'माणूसमारी' म्हणत.

पंधरवड्यात सातारा पेटला. ती फुली म्हणजे क्रूस आहे आणि मेलेल्या प्रत्येकाला हे यंत्र परस्पर ख्रिस्ती करतं, असा शोध एकाने लावला. कोयनेची वीज हे यंत्रच पिऊन टाकतं म्हणून दळण जाडंभरडं निघतं, असं पिठाच्या गिरणीवाल्याने जाहीर केलं. लष्करातून पेन्शनीत आलेले एक हवालदार पारावर म्हणाले, "मानसं मारायला आमाला सरकारनं पगार दिला. ही पोरं फुकट शिकाय लागली. मग आमची किंमत काय ऱ्हायली?" यातल्या एकानेही यंत्र पाहिलेलं नव्हतं. पाहिल्याने मत बिघडतं, अशी भीती असावी.

या सगळ्यांना एकत्र आणलं दादासाहेबांनी. दादासाहेब म्हणजे उसाचे मोठे बागायतदार आणि संस्कार रक्षण समितीचे अध्यक्ष. समिती त्यांनी त्याच आठवड्यात काढली होती. मानवी जिवाचं मोल या विषयावर ते फार चांगलं बोलत. मागच्या हंगामात त्यांच्याच उसाच्या ट्रकने, मागे दिवा नसल्याने, एका सायकलवाल्याचा जीव घेतला होता. त्यासाठी मोर्चा निघाला नव्हता. चार पंच बसले, चहा झाला आणि ते मिटलं.

आणि या यंत्रावर रोज सकाळी जाऊन बसत होते तात्या.

हे कळल्यावर मला वाईट वाटलं. लपवत नाही. बघावं म्हणून एके सकाळी शंकरच्या हॉटेलात गेलो. तात्या स्टुलावर ताठ बसलेले, खांद्यावर टॉवेल, पायातल्या चपला काढून बाजूला ठेवलेल्या. चाक धरून ते तोंडाने "पोंऽ पोंऽ" करत होते. काचेवरचा माणूस आडवा आला की चाक गर्रकन फिरवत आणि पाय लाकडावर आपटत.

शंकर कपाळाला हात लावून म्हणाला, "आवं, तुमी तरी सांगा ह्यास्नी. पयला डाव सोडला तर महिना झाला, एक मानूस मारला न्हाई. रोज शून्य. पोरं बघून हसत्यात आन् कटाळून जात्यात."

"ह्याला बिरेक न्हाई," तात्या काचेवरची नजर न काढता म्हणाले. "मोटार बनिवली आन् बिरेक दिला न्हाई. कसली मानसं म्हनायची ही?"

"तात्या, तो खेळ आहे. माणूस उडवला की गुण मिळतात."

"ते शंकऱ्यानं पयल्याच दिवशी सांगितलं."

"मग?"

वेळ संपली. काच कोरी झाली. तात्यांनी टॉवेलने तळहात पुसले आणि काचेकडे बोट केलं.

"पयल्या दिवशी चुकून एक आला म्होरं. फुली पडली. मी म्हनलं, झालं आता, ही फुली जलमाची. तर नवा डाव लावला आन् फुली गेली. रस्ता कोरा. ज्येला उडवला त्यो परत पळाय लागला." टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाले, "असं कुटं असतंय का गड्या?"

आणि त्यांनी पुन्हा चाक धरलं.

पुढच्याच आठवड्यात देवळाच्या सभामंडपात समितीची सभा भरली. दादासाहेब म्हणाले, "या यंत्राची नशा किती वाईट, याचा पुरावा आपल्याच पेठेत आहे. एक माणूस मारून ज्याची तहान भागली नाही, तो म्हातारा आज तिथं रोज माणसं मारतोय." टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मोर्चा काढून यंत्र उचलायचं ठरलं. मी उठून म्हणालो की तात्या माणसं मारत नाहीत, चुकवतात. शेजारच्याने माझा शर्ट ओढून मला खाली बसवलं. "साहेब, तुमी शिकलेली मानसं. ह्यात पडू नगा."

सकाळी मी मोर्चाच्या आधीच हॉटेल गाठलं. तात्यांना तिथून घरी न्यायचं, एवढंच डोक्यात होतं. लोकांसमोर त्यांना कुणी त्या बाईची आठवण करून देऊ नये.

"तात्या, उठा. मोर्चा येतोय."

"कुनाचा?"

"दादासाहेबांचा. तुम्हाला वाट्टेल ते बोलतील."

"यिऊ दे की. साइड दिऊ त्यास्नी." आणि त्यांनी नवा डाव लावला.

घोषणा कोपऱ्यावर आल्या, मग दारात आणि मग आत. शंकरचं हॉटेल भरून गेलं. दादासाहेब पुढे आले. सभेतली शुद्ध भाषा त्यांनी बहुधा देवळातच ठेवली होती.

"तात्या, लाज वाटती का? एक मारला तेवढं पुरं झालं न्हाई व्हय रं?"

तात्यांची मान वळली नाही. काचेवर तीन-चार माणसं एकदम धावत होती आणि ते त्यांच्यामधून वाट काढत होते.

"जरा दम धरा, दादासाहेब," ते म्हणाले. "गाडी चालू हाय."

लोक हसले. कुठल्या मोर्चात लोक एवढे हसले नसतील.

शंकर मधे पडला. "आवं, त्येनी एक बी मारला न्हाई. हे बघा, इथं आकडा हाय. शून्य हाय की शून्य."

आकडा बघायला कुणी वाकलं नाही. कुणीतरी मागे जाऊन वायर उपटली. काचेवरची मोटार, माणसं, सगळं आक्रसून एक पांढरा ठिपका झालं आणि ठिपकाही विझला. मग सहा-सात जणांनी कपाट धरलं. तात्यांच्या हातातलं चाक त्यांनी एकेक बोट सोडवून काढून घेतलं. फार नरमाईने घेतलं, हेही सांगितलं पाहिजे. 'विजय असो'च्या आरोळीत यंत्र उंबऱ्याला धडकलं, काच फुटली आणि मोर्चा बाहेर पडला. दादासाहेबांच्या गळ्यात हार घालायचा राहिला होता, तो बाहेर घातला.

हॉटेलात आम्ही तिघे उरलो. शंकर काचा गोळा करू लागला. तात्या स्टुलावर तसेच होते, दोन्ही हात पुढे धरलेले. दादासाहेब जे बोलले त्याचं त्यांना काय वाटलं, हे मी विचारणार होतो. माझं तोंड उघडण्याआधी त्यांनीच विचारलं.

"वायर काडली तवा म्होरं कुनी व्हतं का रं?"

"कुठं?"

"रस्त्यात. मला दिसलं न्हाई. यकदम अंधार झाला. तू हितंच हुबा व्हतास, तुला दिसलं आसंल."

मी त्या वेळी काचेकडे बघतच नव्हतो. दादासाहेबांच्या तोंडाकडे बघत होतो.

"कोणी नव्हतं, तात्या. रस्ता मोकळा होता."

"बाई-मानूस, कुनी बी?"

"कोणीच नव्हतं."

"नीट बघितलंस नव्हं?"

"नीट बघितलं," मी म्हणालो.

तेव्हा कुठे त्यांनी हात खाली घेतले.