बाळंतिणीची खोली

भांडुपच्या आमच्या चाळीत आक्का एकट्या राहायच्या, पण स्वतःच्याच खोलीचं दार वाजवल्याशिवाय त्या कधी आत गेल्या नाहीत. कुलूप काढायचं, कडी सरकवायची, पण दार ढकलायचं नाही. आधी छत्रीच्या मुठीनं ठकठक करायची, खाकरायचं आणि बंद दाराला बजावायचं, "मी येतंय हां. जेका जावचा आसा तेणी जावा." मग पदरानं तोंड पुसत जरा थांबायचं. आतल्यांना आवरायला वेळ नको का?

नवीन भाडेकरूंना वाटे, ह्यांच्याकडे कोणीतरी आहे. होतेच की. कोळी होते.

चाळीच्या मागे डोंगर, डोंगरावर रान. त्यामुळे रानात जे जे सरपटतं ते सगळं आमच्याकडे येऊन-जाऊन असायचं. पाली, गोमी, पैसाकिडे, एखादा विंचू. आणि कोळी म्हणजे कोपऱ्यातला जाळंवाला बारका नव्हे बरं का. बशीएवढा, तपकिरी, केसाळ पायांचा, फोटोमागे नाहीतर आरशामागे दबा धरून बसणारा. आक्का त्याचं नावसुद्धा घेत नसत. ‘मंडळी’ म्हणायच्या. आज मोरीत मंडळी दिसली, असं त्या इतका चेहरा पाडून सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, जप्तीचे लोक येऊन गेले.

मी एकदा विचारलं, अहो आक्का, दार वाजवून कोळी जातात का कुठे? तर म्हणाल्या, जातात की नाही ते ठाऊक नाही, पण लपतात. आणि माझ्या नजरेला जो पडला नाही तो नाहीच.

चाळीचे संडास गॅलरीच्या टोकाला, वर पत्रा. पत्र्याखालच्या वाशांवर मंडळींचं गावच वसलेलं. म्हणून आक्का भर मे महिन्यात छत्री घेऊन तिकडे जात. दार अरुंद, छत्री चांगली पुरुषी, लांब दांड्याची. आधी मिटलेली छत्री आत घालायची, ती आत उघडायची, मग तिच्याखालून वाकून आपण शिरायचं. दाराच्या वर तो काळा घुमट दिसला की आक्का आत आहेत हे सगळ्या मजल्याला कळायचं. त्या संडासाची कडी वर्षभर तुटकी होती, पण आक्कांची कधी अडचण झाली नाही.

आणि दोरीवरचं लुगडं घरात न्यायच्या आधी अशा झटकायच्या, अशा झटकायच्या की खालच्या मजल्यावरचे लोक चहाच्या कपावर बशी पालथी घालत.

आता तुम्ही म्हणाल, असेल बाई भित्री. भित्री? एका पावसाळ्यात डोंगरावरून भलीमोठी धामण उतरली आणि सरळ जिन्यात येऊन बसली. पुरुष माणसं गॅलरीतून सूचना देत होती. आक्कांनी केरसुणी घेतली आणि ‘चल गो बाय, चल’ करत तिला गटारापर्यंत पोचवून आल्या. आणखी एकदा पलीकडच्या गल्लीतला एक बाप्या दारू पिऊन सुरा नाचवत आला. सगळ्यांनी दारं लावून घेतली. आक्का पदर खोचून खाली उतरल्या, त्याचा कान धरला आणि म्हणाल्या, "तुझ्या आवशीच्या पोटातसून तुका भायर मी काढलंय. परत आत घालीन हां." त्यानं मुकाट्यानं सुरा त्यांच्या हातात दिला आणि घरी जाऊन झोपला. सुरा चांगला निघाला. आक्का पुढे त्यानं फणस चिरायच्या.

ती धमकी काही उगाच नव्हती. आक्का कितीतरी वर्षं एका डॉक्टरीणबाईंच्या प्रसूतिगृहात आया होत्या. ते सुटल्यावर घरोघरी बाळ-बाळंतिणीचं न्हाऊ-माखू करू लागल्या. पाटावर बसून पाय लांब करायच्या आणि त्या पायांवर तान्हं मूल घेऊन न्हाऊ घालायच्या. रडणारं मूल त्यांच्या पायांवर आलं की गप्प. माझी दोन्ही तिथंच न्हाली. तेल, शेक-शेगडी, ओव्याची धुरी, सव्वा महिना सगळं यथासांग. सव्वा महिना झाला की लोक साडी-चोळी देऊन त्यांना निरोप देत, आणि आक्का पुढच्या घरी. मग तीच मुलं मोठी होऊन मालाडला, मुलुंडला ब्लॉक घेऊन जायची. कधी बाजारात भेटली तर आईच्या कानात विचारायची, ह्या कोण गं? आक्का हसून म्हणत, मला ओळखायला त्याला उताणं झोपवायला लागेल. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. नवरा फार लवकर गेला होता.

कोळ्याची भीतीसुद्धा त्यांची सुईणीची होती. मी म्हटलं, सापाला भीत नाही, मग ह्या एवढ्याशा जिवाला काय भ्यायचं? तर पाटावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अगो, आठ पाय कित्याक होये? खंयचो आधी येतलो ता कळता काय? जन्माक येतानाच पायाळू."

तर ह्या मंडळींचा एकदाच काय तो निकाल लावायचा, असं आक्कांनी मनावर घेतलं. आमच्या चाळ कमिटीचे सेक्रेटरी होते पेडणेकर. बँकेत होते, इस्त्रीचा शर्ट घालून भाजी आणायला जायचे. सबंध चाळीत औषधाची फवारणी करा, म्हणून आक्का त्यांच्या मागे लागल्या. पेडणेकर म्हणत, बघू, मीटिंगमध्ये ठेवू. त्यांच्या सुनेला नुकताच मुलगा झाला होता आणि न्हाऊ घालायला आक्काच जात होत्या. एके दिवशी त्यांनी बाळाच्या अंगाला तेल-पीठ लावलं आणि हात थांबवून विचारलं, पेडणेकरानू, मीटिंग कधी? बाळ निसरडं, पाणी निवत चाललेलं, सून घाबरलेली. पेडणेकरांनी तिथंच उभ्याउभ्या येता रविवार कबूल केला. त्या आठवड्यात आक्का जत्रेला निघाल्यासारख्या खूश होत्या.

शनिवारी दुपारी मी दारात तांदूळ निवडत होते, तर आक्का आपल्या खोलीतून बाहेर आल्या. उलट्या, म्हणजे पाठमोऱ्या पावलांनी. ओरडल्या नाहीत, काही नाही. माझ्या शेजारच्या वेताच्या मोड्यावर चढून उभ्या राहिल्या आणि नुसतं बोट दाखवलं. आमचे हे अर्धा दिवस करून नुकतेच मरोळच्या ऑफिसातून आले होते. चप्पल हातात घेऊन ते आत गेले. आरशाच्या वरच्या भिंतीवर तो बसला होता. मी आजवर पाहिलेला सगळ्यात मोठा. ह्यांनी नेम धरला, आणि तेवढ्यात ह्यांना बोलायची बुद्धी झाली.

"अगं, ही मादी आहे. पोटाखाली पांढरं बघ, रुपयाएवढं. अंडी घेऊन फिरतेय."

मोड्यावरून आवाज आला, "म्हणजे?"

"म्हणजे काय आक्का, दिवस गेलेत तिला," हे हसत म्हणाले.

ह्या एका वाक्यापायी आमच्या ह्यांना पुढे महिनाभर स्वयंपाकघरात झोपावं लागलं. कारण आक्का मोड्यावरून उतरल्या, खांद्यापर्यंत मान आत घातली, एक डोळा मिटून भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चप्पल खाली ठेवा."

त्या रात्रीपासून त्या वळकटी घेऊन आमच्याकडे. माका हयच ऱ्हवूक होया, म्हणाल्या, ती मोकळी होईपर्यंत इथंच राहते. आणि उद्याची फवारणी? त्यावर त्यांनी वळकटी उलगडली.

रविवारी सकाळी सगळ्या चाळीची भांडीकुंडी गॅलरीत, वर चादरी. फवारणीवाला पाठीला पंप लावून एकेक खोली करत आला. आक्कांच्या दाराशी येतो तर आक्का उंबऱ्यावर उभ्या, दोन्ही हात चौकटीला. म्हणजे बघा, पाठ कोळ्याकडे. ज्या बाईनं आयुष्यात कधी भिंतीकडे पाठ करून जेवण केलं नाही, ती. कपाळावर घाम, पण जागची हलत नव्हती.

फवारणीवाल्याला त्यांनी एवढंच सांगितलं, आत जायचं नाही, आत बाळंतीण आहे.

आता आमच्या चाळीत आक्का अशा चौकट धरून उभ्या राहिल्या की त्याचा अर्थ एकच. फवारणीवाला शहाणा, त्यानं चपला काढल्या आणि चार पावलं मागे सरला. बायकांत कुजबूज धावली: आक्कांकडे कोणीतरी अडलीय. कोण? गावची कोणी असेल. पेडणेकरांनी पुरुषांना गॅलरीतून हटवायला सुरुवात केली. कोणी स्टोव्ह पेटवून पाणी ठेवलं, कोणी मऊ जुनेराचे तुकडे आणले, एकीनं देवापुढं दिवा लावला. मला सगळं ठाऊक, पण हसू दाबण्यात माझी वाचा गेलेली. शेवटी पेडणेकरांच्या बायकोनं वाफाळतं पाणी आणून आक्कांच्या पायाशी ठेवलं आणि कळा कधीपासून आहेत म्हणून विचारलं, तेव्हा आक्कांना खरं सांगावं लागलं.

मग जे हसू फुटलं! पंपवाला तर पंपासकट खाली बसला. एकटे पेडणेकर हसले नाहीत. ते म्हणाले, आक्का, दोन महिने तुम्ही माझं डोकं खाल्लंत, पोराला तेल लावून मला अडवलंत, कमिटीला खर्चात घातलंत, आणि आता एका कोळ्यासाठी? बाजूला व्हा. आणि खरंच त्यांनी पंपाची नळी हातात घेतली.

आक्का ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "पोटुशी बाईक मी आजपर्यंत दारातसून परत लावूक नाय, पेडणेकरानू. आज लावू?"

"बाई? अहो, बाई कुठाय ती?"

"मग बाप्यो आसा?"

पेडणेकरांनी चष्मा काढून पुसला. आणि मग त्यांच्या बायकोनंच त्यांच्या हातातून नळी काढून घेतली. घरात ओली बाळंतीण आहे आपल्या, म्हणाली, आज तुम्ही कोणाच्या अंड्यांवर औषध मारायचं नाही. सगळ्या बायकांनी माना हलवल्या. कमिटीचा ठराव आक्कांच्या खोलीपुरता तिथंच बारगळला.

आक्कांची खोली तेवढी सुटली, बाकी सगळीकडे फवारा बसला. आणि व्हायचं तेच झालं. अख्ख्या चाळीतली झुरळं, गोमी, मुंग्या, जे जे वाचलं ते आक्कांच्या खोलीत आसऱ्याला आलं. संध्याकाळी दार किलकिलं करून आक्का आत बघून आल्या, आणि मोठा सुस्कारा टाकून म्हणाल्या, बाळंतिणीकडे माणसं जमायचीच.

पुढचा महिना आमच्या घरात काय मजा होती सांगू. आक्कांनी तिला बाळंतिणीचे सगळे नियम लावले. त्या खोलीत केर काढायचा नाही, भांडं आपटायचं नाही, दिव्याचा झगझगाट नको. गॅलरीत पापड भाजले तर दार ओढून घ्यायच्या, ठसका लागेल म्हणून. रोज सकाळी दार वाजवायच्या, उघडी छत्री डोक्यावर धरून उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकायच्या, भिंतीकडे न बघता पाण्याची वाटी ठेवायच्या आणि बाहेर आल्यावर मला धापा टाकत विचारायच्या, "सुमन, बघ गो, बरी आसा मा?" मी डोकावून सांगायची, बरी आहे. हे जेवताना विचारत, आक्का, डिंकाचे लाडू कधी? बारशाला पाळणे किती लागतील? आक्का म्हणत, हसा, तुम्हाला कळा आल्या असत्या तर कळलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी हेच ऑफिसला निघताना तिकडे हळूच डोकावून जात.

एका दुपारी मी डोकावले तर भिंतीवर मूठभर राजगिरा फेकल्यासारखं झालेलं. आणि तो राजगिरा चालत होता. मी आक्कांना हाक मारली. त्या आल्या, छत्री उघडली, उंबऱ्यापर्यंत गेल्या, आणि छत्री कधी खाली आली त्यांना कळलं नाही. उघड्या डोक्यानं उभ्या होत्या.

"सुटली गो," म्हणाल्या. "सुखरूप सुटली."

साखर वाटली त्यांनी चाळीत. पेडणेकरांनी चिमूटभर घेतली, म्हणजे बघा.

मग पोरं खिडकीच्या गजांतून, दोऱ्याला लोंबकळत, वाऱ्यावर डोंगराकडे गेली. काही दिवसांनी आई पण दिसेना. मी आरसा हलवून पाहिला, फोटो उचलून पाहिले. आसऱ्याला आलेली झुरळं-गोमीही पांगलेली, खोली स्वच्छ रिकामी. आक्कांनी वळकटी उचलली, माझ्या मुलीच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि आपल्या घरी गेल्या. हे म्हणाले, चला, आता दार वाजवायचं कारण नाही.

छत्री घेऊन संडासाला जाणं काही सुटलं नाही. संडासातल्या मंडळींशी त्यांचं काही नातं नव्हतं. पण दोन-तीन दिवसांनी मी दिवेलागणीला गॅलरीत कपडे काढत होते. आक्का पेडणेकरांकडून आल्या. तिथला सव्वा महिना त्या दिवशी संपला होता, काखेत साडी-चोळीचं पुडकं होतं. त्यांनी कुलूप काढलं, कडी सरकवली, आणि छत्रीच्या मुठीनं नाही, बोटाच्या पेरानं दार वाजवलं. हलकंच. मग कान दाराला लावून उभ्या राहिल्या. नेहमीपेक्षा बराच वेळ.

मी तिथं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी हातातला कपडासुद्धा झटकला नाही.

"मी येतंय हां," आक्का दाराला म्हणाल्या. "आसात तर ऱ्हवा."