गंगामावशींची उसनी वाटी

आमच्या गल्लीतल्या गंगामावशींना रोज सकाळी साखर उसनी लागायची. रोज, आणि रोज वेगळ्या घरची. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग, हातात पितळी वाटी. मानवत गावातल्या आमच्या गल्लीतलं एकही दार या वाटीच्या तावडीतून सुटलं नव्हतं. "वाटीभर साखर हाय का गं?" असा आवाज आला की बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

मावशींच्या यजमानांचं किराणा दुकान होतं. ते गेले, मुलगा हैदराबादला राहिला, दुकान भाड्यानं दिलं. त्या भाड्यावर बाई खाऊनपिऊन सुखी होती. मग साखर कशाला मागते? म्हातारी चिंगूस आहे, असं माझं ठाम मत होतं. पण परतफेडीला पक्की. उसनी वाटी परत करताना काठावर रास उभी करून, शीग लावूनच करायची, ही आमच्याकडची रीत. मावशींची शीग तर अंगणभर सांडायची.

महागाईवर त्या मोठ्या अधिकारानं बोलत. एकदा उन्हाळ्यात सरकारी कचेरीतला एक माणूस घरोघर खर्चाची चौकशी करत आला. सगळ्यांनी त्याला "बरं चाललंय" असं सांगून वाटेला लावलं. तो गेल्यावर मावशी खो खो हसल्या.

"मेल्याला इचारायचंच कळंना! रेशनला साखर न्हाई, तेल कडाडलंय, आन् ह्या म्हणायल्यात बरं हाय. कोपऱ्यावरच्या घरची वाटी दिवाळीपसून काठाच्या खालीच भरायलीय, ते कोन सांगावं त्येला?"

"मग तुम्हीच सांगायचं की, मावशी," मी म्हणालो.

"मी कामून सांगू? आब्रू हाय त्येंची."

त्याच उन्हाळ्यात मी जिथं कारकून होतो ती कापसाची जिनिंग मिल बंद पडली आणि पगार थांबला. मी बायकोला, सुमनला, बजावलं, गल्लीत कुणाला कळता कामा नये. आणि नेमकी दुसऱ्या सकाळी वाटी आमच्या दारात! सुमननं डबा खरवडला आणि होती नव्हती ती सगळी साखर शीग लावून दिली. मावशी वाटीकडे बघत जरा उभ्या राहिल्या. "लय भरलीस गं," म्हणाल्या आणि गेल्या. आम्ही दिवसभर बिनसाखरेचा चहा प्यायलो, पण ताठ मानेनं.

संध्याकाळी मावशी आल्या त्या साखरेचा भरलेला डबा घेऊन.

"घे, सकाळची साखर."

"मावशी, वाटीच दिली होती मी."

"म्हातारीची वाटी हाय, मोठीच असती. ठेव गुमान. डबा खरवडल्याचा आवाज अंगणात येतोय, पोरी."

सुमनचे डोळे भरून आले. तिनं चहा टाकला.

"माझ्यात साखर घालू नको," मावशी म्हणाल्या. "दवाखान्यात सांगितल्यापसून गोड बंद हाय. लय वर्सं झाली."

मी विचारलं, "मग रोज साखर मागता कशाला?"

मावशी बशीत चहा ओतत राहिल्या. "देयाला गेले तर लोक दार लावून घेतेत, बाबा. मागायला गेले तर उघडतेत." मग फुंकर मारता मारता हळूच म्हणाल्या, "आन् सकाळच्या पारी मला तरी बोलायला कोन हाय?"

तेव्हापासून मावशी दारात आल्या की सुमन वाटी हातात घेण्याआधी पाट मांडायची. "मला अजून चार दारं फिरायची हायेत गं," असं कुरकुरत मावशी बसायच्या, त्या ऊन अंगणात येईपर्यंत उठायच्या नाहीत.