नकली असल्याचा अस्सल ठप्पा

माणसाची योग्यता गुणांवरून आणि नाण्याची चांदीवरून ठरते, असा एक समज आहे. (समज जुना आणि निरुपद्रवी आहे. राहू द्यावा.) मनिलाच्या स्पॅनिश सरकारने मात्र तो १८२८ सालीच मोडीत काढला. पेरू वगैरे वसाहती तेव्हा स्पेनच्या राजाविरुद्ध उठल्या होत्या आणि स्वातंत्र्याच्या घोषणा कोरलेले चांदीचे पेसो गलबतांतून मनिलात उतरत होते. राजद्रोह बाजारात फिरू देणं वाईट, पण चांदी परत पाठवणं त्याहून वाईट. तेव्हा सरकारने अशा पेसोंवर आपला ठप्पा मारला. त्याखालीही बरीचशी घोषणा वाचता येई. फक्त ती आता सरकारमान्य झाली होती.

अशा ठप्पेदार नाण्यांच्या संग्राहकांचं मंडळ मनिलात दर रविवारी, चर्चमधली मिसा आटोपल्यावर, बिबिंका हा तांदळाचा केक खात भरतं. सभासद सत्तेचाळीस, पैकी तज्ज्ञ सत्तेचाळीस. नियम कडक व्रतासारखे: नाण्याच्या तोंडाला बोट लावू नये, नाणं पुसू नये, दुसऱ्याच्या नाण्याची मनापासून स्तुती करू नये. (शेवटचा नियम आजवर कोणी मोडलेला नाही.)

यूफ्रोनियो दिमाकुलांगन या मंडळाचा सतरा वर्षांचा निष्ठावंत सभासद. त्याच्या मुलीचं, फेलिसाचं लग्न ठरलं ते मंडळाचे अध्यक्ष अटर्नी विलारुझ यांच्याच मुलाशी. तिकडे लग्नात नवरा नवरीच्या ओंजळीत तेरा नाणी ओततो. बारा अटर्नींकडची, तेरावं यूफ्रोनियोच्या आईचं, लोला अम्ब्रोसियाचं. (लोला म्हणजे आजी.) तिच्या आजोबांनी घर बांधताना भरभराटीसाठी कोपऱ्यातल्या खांबाखाली ठेवलेलं, ठप्पेदारच.

"व्याही, भावना समजतात हो मला," अटर्नी म्हणाले. "पण माझ्या मुलाच्या हातात बिनप्रमाणपत्राचं नाणं? मंडळात तोंड कसं दाखवू?"

नाणं तपासणी समितीकडे गेलं. समितीचं शास्त्र असं: जुने सरकारी कारकून पेंगत ठप्पे मारत, म्हणून खरा ठप्पा वाकडा. बनावट करणारे निष्ठेने काम करतात, म्हणून खोटा ठप्पा सरळ. लोलाच्या नाण्यावरचा अगदी सरळ होता. (एखाद्या कारकुनाने एखाद्या दिवशी मन लावून काम केलं असेल, ही शक्यता समितीने नऊ विरुद्ध शून्य मतांनी फेटाळली.)

"घर पाडलं तेव्हा मी या हातांनी उकरून काढलं ते," लोला म्हणाली. "म्हणजे मी खोटारडी?"

"तू नाहीस गं आई. फक्त नाणं खोटं."

"मग माझे आजोबा काय, घरात नाणी पाडत होते?"

"अहो, हातोडी आणू का?" यूफ्रोनियोची बायको आदेल्विसा स्वयंपाकघरातून म्हणाली. "तो ठप्पा वाकडा करा, म्हणजे खरा होईल आणि माझी पोर लग्नाला उभी राहील!"

नियमाप्रमाणे खोट्या नाण्यावर मंडळाचा 'नकली' ठप्पा मारायचा असतो. तो कधी वापरावा लागला नव्हता. आपलं शंकेचं नाणं समितीपुढे ठेवण्याइतका भोळा कोणी निघालाच नव्हता. हातोडा पडताना यूफ्रोनियोने डोळे मिटून घेतले.

पुढच्या रविवारी मंडळातल्या इंजिनियर पाकुमियो यांनी भिंग लावून नाणं पाहिलं आणि ते खुर्चीवरून उठलेच. "मंडळाचा नकली ठप्पा असलेलं जगातलं हे एकमेव नाणं!"

दुपारपर्यंत सोळा सभासद रांगेत उभे राहिले, आपापली अस्सल नाणी नकली ठरवून घ्यायला. समितीने त्यांना बाणेदारपणे परत पाठवलं: आधी ती खोटी असल्याचा पुरावा आणा.

संध्याकाळी अटर्नी स्वतः पान्सित नूडल्सचं पातेलं घेऊन आले. "व्याही, तेरावं नाणं तेच. त्याच्यावाचून माझा मुलगा चर्चची पायरी चढणार नाही."

लग्नाच्या दिवशी लोलाने नाणं झग्याला खसाखसा पुसलं (सत्तेचाळीस जणांनी श्वास रोखले) आणि मग ते फेलिसाच्या ओंजळीत खणखणलं.

"पटलं ना आता, की खरं होतं?" लोलाने विचारलं.

"पटलं, आई," यूफ्रोनियो म्हणाला. खुलासा करायला समिती नेमावी लागली असती.

काही वाचकांना इथवर हसू आलं असेल. काहींनी ते आवरून धरलं असेल, आणि त्यांची अडचण रास्त आहे: या कथेवर अजून कोणत्याही पुरस्काराचा गोल शिक्का बसलेला नाही. जाणत्या वाचकाने तो बसेपर्यंत कथा आवडल्याचं कोणाला सांगू नये.